फाइल मुलीची, प्रश्न आईचा

पार्श्वभूमी

ठाण्यात राम मारुती रोडच्या एका गल्लीत माझं करिअर मार्गदर्शनाचं छोटं ऑफिस आहे. बाहेर पाटी आहे, ‘दहावी-बारावीनंतर काय?’ हे प्रकरण जून २०२४ मध्ये त्या पाटीमुळेच माझ्याकडे आलं. मायलेकींची परवानगी घेऊन ते लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईला इथे मी नुसतं ‘ताई’ म्हणणार आहे. समोर बसल्यावरही मी तशीच हाक मारायचे.

ताई ३९ वर्षांच्या. राहायला कळव्यात, नोकरी ऐरोलीत. आरोग्य विम्याचे दावे तपासणाऱ्या एका कंपनीच्या बॅक ऑफिसात ११ वर्षं काढलेली. हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे कागद वाचायचे, त्यातले आकडे सिस्टीममध्ये भरायचे, खटकेल ते वर पाठवायचं. यजमान वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. एकुलती मुलगी २७ मे २०२४ च्या निकालात दहावी पास झालेली, ८१ टक्के.

आमच्या व्यवसायाबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या चुका तिथूनच निघतात. महाराष्ट्रात करिअर मार्गदर्शन म्हटलं की डोळ्यांसमोर दहावीचा विद्यार्थी येतो. २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळानं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली, तेव्हापासून ‘टेस्ट करून घ्या’ हे वाक्य घराघरांत गेलं. माझंही पॅकेज त्याच साच्यातलं होतं: अभियोग्यता चाचणी, आवडींची चाचणी, २६ पानी रंगीत अहवाल आणि दोन भेटी. जून-जुलैत श्वास घ्यायला फुरसत नाही, सप्टेंबरनंतर ऑफिस रिकामं. खरं तर १९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचं काम सुरू केलं, ते पोटापाण्याच्या शोधात शहरात आलेल्या, हाताला मिळेल ते काम करणाऱ्या तरुणांसाठी. तो काम शोधणारा माणूस आमच्या पाटीवरून कधी पुसला गेला, मला सांगता यायचं नाही. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात रोज हजारो लोक कामाला जातात. त्यांतल्या कुणाची नोकरी गेली तर त्यानं कुठल्या दारात जायचं, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

पहिली भेट आणि सुटलेली खूण

८ जून, शनिवार. मायलेकी आल्या. मी नेहमीचा फॉर्म पुढे केला. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ताईंनी ‘नोकरी’ लिहिलं. पुढचा रकाना कंपनीच्या नावाचा. तिथे त्यांचं पेन टेकलं, शाईचा बारीक ठिपका उमटला आणि पेन उचललं गेलं. रकाना कोराच राहिला. मी ते पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. बाहेर आणखी दोन कुटुंबं थांबली होती.

मुलीची चाचणी झाली. अंकगणित आणि आकृतीविचार चांगले, आवड तांत्रिक कामाकडे झुकणारी. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचाय, असं तिनं चाचणीच्या आधी मला सांगितलंही होतं. सगळं जुळत होतं.

१५ जूनला अहवालावर बोलायला ती एकटी आली आणि खुर्चीत बसता बसता म्हणाली, “मॅडम, मी कॉमर्सच घेते.”

का, म्हणून विचारलं तर आधी ‘आवडतं’ म्हणाली, मग ‘मैत्रिणी तिकडेच आहेत’ म्हणाली. मी अहवालातलं अकरावं पान उघडून आलेख दाखवायला लागले. ती आलेखाकडे बघतही नव्हती. थोड्या वेळानं म्हणाली, “आईची नोकरी गेलीय. तिला वाटतं मला माहीत नाही. ती सांगत नाही, म्हणून मीही विचारत नाही. डिप्लोमाची फी कोण भरणार?”

तिला कसं कळलं? रोज संध्याकाळी आईचा डबा घासायचं काम तिच्याकडे. आधी ऑफिसातला डबा धुतलेला यायचा, कारण तिथे बेसिन होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून तो खरकटा यायला लागला. मग तिनं आईच्या फोनवर कंपनीचा मेल पाहिला.

अहवालात एकही चूक नव्हती. फक्त या घरातल्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नव्हता.

अडचण

२० जूनला गुरुवारी दुपारी बारा वाजता ताई एकट्याच आल्या. हातात डब्याची पिशवी. ३१ मे हा त्यांचा शेवटचा दिवस होता. बिलं वाचणारं सॉफ्टवेअर आलं आणि त्यांच्या फ्लोअरवरची बरीच माणसं कमी झाली. घरी काहीच बोलल्या नव्हत्या. सकाळी नेहमीच्या वेळी निघायचं, कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरनं दिघा गाव, मग ऐरोली. पास तिथपर्यंतचाच आणि तो महिनाअखेरपर्यंत चालणार होता. ऐरोलीच्या फलाटावर तासभर बसायचं, परत ठाण्याला यायचं, तलावपाळीवर डबा खायचा आणि फिरत राहायचं. त्या फिरण्यातच माझी पाटी दिसली. पाटीवर दहावी होती, म्हणून मुलीला घेऊन आल्या. “स्वतःसाठी कुठे जायचं असतं, तेच माहीत नव्हतं,” म्हणाल्या.

आणि मग: “ह्यांना सांगू नका. पोरीला तर मुळीच नाही.”

आता माझ्याकडे दोन गुपितं होती, दोन्ही एकाच घरातली. फाइल मुलीच्या नावाची, पैसे भरले आईनं, मुलगी सज्ञान नाही. माझं अशील नेमकं कोण? डॉक्टर किंवा वकील अशा वेळी आपल्या परिषदेची आचारसंहिता उघडून बघतो. आपल्याकडे करिअर मार्गदर्शकाला परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आमच्यासाठी तसं काही नाही. पाटी लावली की झालं. विचारायला कुणी नाही आणि जाब घ्यायलाही कुणी नाही, ही या व्यवसायाची सगळ्यात मोठी उणीव आहे असं माझं ठाम मत आहे.

ताईंना तीन आठवडे झोप नव्हती. हे माझ्या कामाच्या हद्दीबाहेरचं आहे हे कळत होतं, पण म्हणून गप्प बसणंही बरोबर नव्हतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. ‘तसलं काही नाही’ म्हणाल्या. तरी ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर दिला आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करून घेतला.

समोर असलेले पर्याय

गुपितांच्या बाबतीत तीन वाटा होत्या. मुलीला सगळं माहीत आहे हे ताईंना सांगून टाकायचं, म्हणजे मुलीचा विश्वास मोडायचा. दोघींचं पोटात ठेवायचं, म्हणजे मुलगी खोट्या कारणावर कॉमर्सला जाताना बघत राहायचं. किंवा दोघींपैकी एकीला आपणहून बोलायला तयार करायचं. मी तिसरी वाट धरली. प्रवेशाच्या तारखा डोक्यावर असल्यामुळे मुलीला म्हटलं, डिप्लोमाची नोंदणी करून सुविधा केंद्रात कागद तपासून ठेव. त्यानं कॉमर्सचं दार बंद होत नाही. तेवढं तिनं ऐकलं.

ताईंच्या पुढच्या कामाबाबतचे पर्याय त्यांनी स्वतःच मांडले होते. एक, दुसऱ्या कंपनीत तेच काम कमी पगारावर. दोन, शिवणकाम किंवा पोळी-भाजीचे डबे. तीन, डेटा ॲनालिटिक्सचा सहा महिन्यांचा कोर्स, फी ८५,००० रुपये, ‘नोकरीची शंभर टक्के हमी’. ग्रॅच्युइटीचे पैसे येणार होते त्यातून तो करायचं त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. मूळ पगार १५,६०० रुपये. त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग ११ वर्षांनी गुणायचं: ९९,००० रुपये. म्हणजे अकरा वर्षांच्या नोकरीची पुंजी एका पावतीत जाणार होती.

ताईंची एखादी चाचणी घ्यायची, असाही पर्याय माझ्यासमोर होता. ताईंनी स्वतःच विचारलं, “माझी टेस्ट घेता का?” मी नाही म्हटलं. पाच दिवसांपूर्वी एक अहवाल टेबलावर निरुपयोगी पडलेला पाहिला होता.

काय केलं

बोलायला आधी ताईच तयार झाल्या. मी एवढंच विचारलं होतं, “पास संपल्यावर काय करणार?” त्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. २३ जूनला, रविवारी, त्यांनी घरी सांगितलं.

यजमान चिडतील असं ताईंना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. ते काय म्हणाले? “हिशोब घेतला का? फंड काढू नको, राहू दे.” त्यांचे वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात होते आणि तो बंद पडला तेव्हा हे आठवीत होते. नोकरी जाणं म्हणजे काय असतं हे त्या घरात सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत होतं. लेथवरचा माणूस म्हणून मी त्यांना हिशोबात धरलं नव्हतं. वडिलांना बोलावलंत का, असं आजवर मी शेकडो आयांना विचारलं असेल, या वेळी विचारलं नव्हतं.

मग माझी मोठी चूक. १ जुलैला ताई कोर्सचं माहितीपत्रक घेऊन आल्या. मी ते वाचलं आणि म्हटलं, “ताई, ही शुद्ध फसवणूक आहे.” त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे या वयात मी शिकायचंच नाही का?” एवढं बोलून उठल्या. पुढचे बारा दिवस फोन उचलला नाही. माझं म्हणणं कदाचित बरोबर असेलही, पण त्यांच्या हातात तेवढी एकच काठी होती आणि मी ती ओढून घेतली.

त्यांना परत आणलं एका सरकारी निर्णयानं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. हे कुटुंब ओबीसी, उत्पन्न मर्यादेच्या आत. मी तो जीआर ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली लिहिलं, “नोंदणी झालेली आहे. उत्पन्नाचा दाखला काढा.” १३ जुलैला दोघी हजर. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही, आणि डेव्हलपमेंट फी, पुस्तकं, रेल्वेचा पास घरूनच भरायचे, हेही त्यांना स्पष्ट सांगितलं. मुलीनं त्याच दिवशी कॉमर्सचा विषय सोडला.

कोर्सबद्दल या वेळी मी मत दिलं नाही. चार प्रश्न कागदावर लिहून दिले. पस्तिशीनंतर कोर्स केलेल्या तिघांशी फोनवर बोलता येईल का? ते आज कुठे, किती पगारावर आहेत? हमी लेखी देणार का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत? ताई स्वतः जाऊन विचारून आल्या. पस्तिशीपुढचं एकही नाव त्यांना मिळालं नाही. “राहू दे मॅडम,” म्हणाल्या, “पण एक्सेल मला नीट शिकायचंय.” ते त्यांनी पुढे मुलीकडून शिकून घेतलं.

बायोडेटा त्यांनी चॅटबॉटकडून करून आणला होता. चार पानं, सफाईदार इंग्रजी, पहिल्याच ओळीत ‘रिझल्ट-ड्रिव्हन प्रोफेशनल’. मी मुलाखत घेतल्यासारखं त्यातलं एक वाक्य विचारलं, तर त्यांना त्याचा अर्थ सांगता येईना. आजकाल माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या हातात असा कागद असतो. तो फाडून टाकण्यात अर्थ नाही, कारण समोरचा एचआरवालाही यंत्रानंच चाळणी लावतो. पण त्यात ताई कुठेच नव्हत्या.

त्या कुठे आहेत ते दिसलं एका अपघातानं. माझ्या टेबलाच्या खणात सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची फाइल पडली होती. विम्यानं बरीच रक्कम कापली होती आणि का ते आम्हाला कुणी समजेल असं सांगितलं नव्हतं. मी ती त्यांच्यापुढे ठेवली. ताईंनी चष्मा वर सरकवला, पेन घेतलं, पानं उलटायला लागल्या. ओठ हलत होते. चार मिनिटांत म्हणाल्या, “इम्प्लांटचा स्टिकर कुठाय? इनव्हॉइस आहे, पण पेटीवरचा स्टिकर लावलेला नाही. आणि ही खोली तुमच्या मर्यादेपेक्षा महागाची घेतलीय ना? मग नुसतं खोलीचं भाडं नाही कापत, त्याच प्रमाणात सर्जनची फी पण कापतात. बघा, इथे.” बोट बरोबर त्या ओळीवर होतं. आवाज बदललेला. दीड महिन्यात मी तो आवाज ऐकला नव्हता.

मी विचारलं, “हे ज्ञान विमा कंपनीखेरीज कुणाला लागतं?” त्या लगेच म्हणाल्या, “हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कला.” कॅशलेस म्हणजे बिल रुग्णाऐवजी विमा कंपनीनं थेट हॉस्पिटलला देणं. मग त्यांनीच मला शिकवलं: विमा नियामकानं २९ मे २०२४ च्या परिपत्रकात घालून दिलंय की कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. घड्याळ विमा कंपनीवर लागलं, पण कागद अपुरे गेले की रुग्ण अडकतो हॉस्पिटलात आणि नातेवाईक ओरडतात डेस्कवर. कागद पहिल्या फटक्यात पूर्ण लावणारं माणूस डेस्कला हवंच. हे परिपत्रक मी वाचलेलं नव्हतं. कामाच्या बाजारात काय चाललंय हे अशिलाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्याला फक्त ते ‘माहिती’ वाटत नसतं.

नोकरीच्या संकेतस्थळांवर आम्ही फार वेळ घालवला नाही. अकरा वर्षं ताई ज्या डेस्कवाल्यांशी रोज फोनवर बोलायच्या त्यांची यादी फोनमधून काढली. चौदा नावं. त्यातल्या नऊ जणांशी त्या बोलल्या. काय बोलायचं याची तालीम मराठीतच केली: “मी पलीकडे बसून तुमच्या फाइली परत पाठवायचे. त्या परत येऊ नयेत यासाठी काय लागतं, ते मला माहीत आहे.” बायोडेटा एका पानाचा झाला आणि हेच वाक्य त्याच्या डोक्यावर बसलं.

निष्पन्न

ऑगस्टमध्ये दोन मुलाखती झाल्या. पहिल्या ठिकाणी वय ऐकून विषय संपला. दुसऱ्या ठिकाणी, ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात, २ सप्टेंबरपासून त्या कॅशलेस डेस्कवर रुजू झाल्या. आधी हातात २७,५०० यायचे, आता २२,०००. आठवड्याआड संध्याकाळची पाळी. त्या आठवड्यात यजमान वर्कशॉपमधून येऊन कुकर लावतात. ग्रॅच्युइटीचे ९९,००० वेळेवर मिळाले आणि त्यातले बरेचसे अजून बँकेत आहेत. मुलीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी लागली तेव्हा ‘कॉमर्सच बरं होतं’ असं म्हणून दोन दिवस रडली.

पगार कमी झाला, हे यशात मोजायचं का? मला ठरवता येत नाही. ताईंना विचारलं तेव्हा म्हणाल्या, “डबा आता ऑफिसातच धुते.”

आज असं प्रकरण आलं तर

पहिल्याच भेटीत कुटुंबातल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगेन की तुमचं माझ्याजवळ काय राहील आणि काय राहणार नाही. जिवाला धोका असेल तर गुप्तता राहणार नाही, हेही तेव्हाच. हे आधी बोललेलं असतं तर ते तीन दिवस दोन गुपितं घेऊन मला फिरावं लागलं नसतं. फाइल आता माणसागणिक वेगळी असते, पैसे कुणीही भरोत.

चाचणी पहिल्या भेटीत घेत नाही. चाचणीवर माझा राग नाही. मुलीच्या बाबतीत तिनं दाखवलेलं बरोबरच ठरलं. पण चाचणी पॅकेजात बांधलेली असल्यामुळे मी ती आधी घेतली आणि माणसाशी नंतर बोलले. आता फी भेटीप्रमाणे आहे, आणि तीन व सहा महिन्यांनंतरचा एकेक पाठपुरावा त्यातच धरलेला आहे. यात माझं जूनचं उत्पन्न घटलं, हे सहकाऱ्यांपासून लपवत नाही. ऑक्टोबरमध्ये ऑफिस पूर्वीसारखं रिकामं नसतं.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून साशंक आहे. मुलीला नोंदणी करायला लावली तेव्हा घरातल्या थोरांना त्यामागचं कारण माहीत नव्हतं. ती वेळ साधली नसती तर जीआर येऊनही उपयोग झाला नसता, हे खरं. पण एका सोळा वर्षांच्या मुलीला मी आईपासून आणखी एक गोष्ट लपवायला लावली, हेही तितकंच खरं. माझ्या एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, तू आधी आईशी बोलायला हवं होतंस, दोन दिवस गेले असते तर गेले असते. मला अजून तसं पटत नाही, पण त्यांचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलंय.

पाटी बदलली. ‘दहावी-बारावीनंतर काय?’ याच्या खाली एक ओळ वाढवली: ‘नोकरी बदलताना किंवा गेल्यावरही.’ रंगवणाऱ्यानं ‘गेल्यावरही’ जरा बारीक अक्षरात काढलं, ते मी पुन्हा मोठं करून घेतलं.

मार्च २०२५ मधला पाठपुरावा ताईंनी आपणहून मागितला. त्यांच्या डेस्कवरही आता कागद आपोआप लावणारं सॉफ्टवेअर बसवायचं घाटतंय आणि ते चालवून बघायला हॉस्पिटलनं दोघांची नावं मागवली आहेत. नाव द्यावं की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. शनिवारी साडेचारला आल्या, सोबत यजमानांनाही घेऊन.